ऑस्कर मिशो : भांडवल आणि सेन्सॉरशी झुंजलेले निर्माते

अमेरिकेत मूकपटांच्या काळात कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी स्वबळावर चित्रपट काढणाऱ्यांमध्ये ऑस्कर मिशो (१८८४-१९५१) यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. तीन दशकांत त्यांनी चाळीसच्या आसपास चित्रपट निर्माण केले. हॉलिवूडची दारे बंद असल्याने लेखन, दिग्दर्शन आणि वितरण त्यांनी स्वतःच सांभाळले. मात्र भांडवल, चित्रपटगृहे आणि सेन्सॉर या तिन्ही आघाड्यांवर त्यांना अखेरपर्यंत झगडावे लागले.

शेतकरी ते निर्माता
इलिनॉय राज्यात जन्मलेल्या मिशो यांनी रेल्वेच्या पुलमन डब्यांत पोर्टर म्हणून नोकरी केली आणि साठवलेल्या पैशांतून साउथ डकोटात शेतजमीन घेतली. या अनुभवांवर लिहिलेल्या कादंबऱ्या ते घरोघरी फिरून विकत. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द होमस्टेडर'वर चित्रपट काढण्याची तयारी 'लिंकन मोशन पिक्चर कंपनी' या कृष्णवर्णीयांच्याच संस्थेने दाखवली. परंतु दिग्दर्शन आपणच करू, या मिशो यांच्या आग्रहामुळे बोलणी फिसकटली. अखेर त्यांनी स्वतःची कंपनी काढून तिचे समभाग विकले. घेणाऱ्यांत परिसरातील गोरे शेतकरीही होते. १९१९ मध्ये चित्रपट शिकागोत झळकला.

दंगलीची धास्ती
कू क्लक्स क्लॅनचा गौरव करणारा 'द बर्थ ऑफ अ नेशन' १९१५ मध्ये अमेरिकेत प्रचंड गाजला होता. मिशो यांनी १९२० मध्ये 'विदिन अवर गेट्स'मध्ये गोऱ्या जमावाकडून कृष्णवर्णीय कुटुंबाची होणारी हत्या दाखवली. शिकागोत आदल्याच वर्षीच्या वांशिक दंगलीत ३८ जणांचा बळी गेला होता. पुन्हा दंगल उसळेल, या भीतीने तेथील सेन्सॉर मंडळाने आधी परवानगी नाकारली आणि नंतर काही दृश्ये कापून ती दिली. हिंसाचार करणाऱ्यांपेक्षा तो पडद्यावर दाखवणाराच व्यवस्थेला अधिक धोकादायक वाटला, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

पडद्याअभावी कोंडी
दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वेगळे बसवले जाई. अनेक चित्रपटगृहांत त्यांच्यासाठी केवळ मध्यरात्रीचे खेळ होत. साहजिकच कृष्णवर्णीय मालकांची चित्रपटगृहे अशा निर्मात्यांचा मोठा आधार होती. पण तीही सुरक्षित नव्हती. १९२१ मध्ये ओक्लाहोमातील टल्सा शहरात गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली. त्यात विल्यम्स दाम्पत्याचे 'ड्रीमलँड' चित्रपटगृहही भस्मसात झाले. दंगलीतील नुकसान पॉलिसीत बसत नाही, असे सांगून विमा कंपन्यांनी तेथील व्यावसायिकांचे दावे फेटाळले. विल्यम्स दाम्पत्याने चित्रपटगृह पुन्हा उभारले.

मिशो स्वतः गावोगावी जाऊन चित्रपटगृहांच्या मालकांना भेटत आणि आगामी चित्रपटासाठी आगाऊ रक्कम मिळवत. प्रख्यात गायक-अभिनेते पॉल रॉबसन यांनी त्यांच्याच 'बॉडी अँड सोल'मधून (१९२५) पडद्यावर पदार्पण केले. ढोंगी धर्मोपदेशकाच्या या कथेलाही न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने कात्री लावली.

दिवाळखोरी आणि बोलपट
१९२८ मध्ये मिशो यांच्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. बोलपटांचा खर्च एकट्याच्या आवाक्याबाहेरचा होता. त्यामुळे 'द एक्झाइल' (१९३१) या बोलपटासाठी त्यांना गोऱ्या भांडवलदारांची मदत घ्यावी लागली. विरोध घरातूनही झाला. 'गॉड्स स्टेप चिल्ड्रन'मधील (१९३८) कृष्णवर्णीयांच्या चित्रणाविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये निदर्शने झाली. १९४८ मधील 'द बिट्रेयल' अपयशी ठरला आणि तोच त्यांचा शेवटचा चित्रपट होय.

हरवलेला ठेवा
मिशो यांच्या मूकपटांपैकी आज केवळ तीन उपलब्ध आहेत. 'विदिन अवर गेट्स'ची प्रत स्पेनमध्ये, तर 'द सिम्बॉल ऑफ द अनकाँकर्ड'ची (१९२०) बेल्जियममध्ये सापडली. पहिल्या चित्रपटाची पुनर्बांधणी लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९९३ मध्ये पूर्ण केली. १९८७ मध्ये हॉलिवूडच्या 'वॉक ऑफ फेम'वर मिशो यांच्या नावाचा तारा बसला आणि २०१० मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. सन्मान मरणोत्तर का होईना मिळाला. मात्र त्यांचे बहुतांश मूकपट कायमचे हरपले.