परड्यातली कोंबडी आणि सरकारी दफ्तर

पेशवाईत म्हशींवर म्हैसपट्टी होती, इंग्रजी अमदानीत जमिनीचा गुंठा अन् गुंठा मोजणीत आला, बैलजोडी आणि विहीर यांवरून कुळाची ऐपत ठरविली गेली. परंतु मागील दारी उकिरडा उकरीत हिंडणारी कोंबडी दफ्तरात आली ती बहुधा कोणाला तरी हवी झाली तेव्हाच. या उपेक्षेचे मूळ बरेच जुने आहे. मनुस्मृतीने ग्रामकुक्कुट लसूण-कांद्याच्या पंक्तीत बसवून द्विजाला वर्ज्य ठरविला, रानकोंबड्याचे नाव मात्र त्या यादीत घातले नाही. आणि जो पक्षी उकिरड्यावर चरतो तोच निषिद्ध, असा त्यामागील विचार असावा असे मला वाटते. परिणाम असा झाला की कोंबडी राहिली कुणबी, महार, कोळी, भिल्ल, मुसलमान आणि किरिस्तावांच्या दारी, आणि लेखणी राहिली ज्यांच्या उंबऱ्याशी कोंबडीला मज्जाव होता त्यांच्या हाती.

तरीही वतनदारांच्या हक्कलवाजम्यात ती डोकावते. सणावाराला रयतेकडून लाकडाच्या मोळीबरोबर, तुपाबरोबर कोंबडी घेण्याची चाल ठिकठिकाणी होती. पुढे इंग्रज अंमलदारांचे तंबू हिवाळी फिरतीला गावोगाव पडू लागले, तेव्हा सरकारी निरखाने किंवा निरखाच्या नावाखाली फुकट, दूध, अंडी, सरपण आणि कोंबड्या अशी रसद पुरविण्याचे काम पाटलाच्या गळ्यात पडले आणि पाटलाने ते महाराच्या गळ्यात घातले. आणि शेवटी डालगे उघडे पडले ते ज्या घराला नाही म्हणण्याची ताकद सर्वांत कमी होती त्या घरचे. या वसुलीच्या कथा पुष्कळ आहेत, आणि त्या एकसारख्याच आहेत.

त्यापेक्षा त्या डालग्याखालचा कारभार अधिक पाहण्यासारखा आहे, कारण तो बहुतांशी बायकांचा होता. गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते, आणि त्यांतलीही काही रवणाला ठेवावी लागतात. कोंबडी खुडूक झाली, अंग फुगवून एका जागी बसू लागली, की जुन्या पाटीत राख आणि त्यावर गवत घालून तिच्या पोटाखाली दहा-बारा अंडी मांडायची. गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून कोठे त्यांत लोखंडाचा खिळा, कोठे कोळसा ठेवायचा. आणि एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर आली की घार, मुंगूस आणि शेजारणीचे मांजर यांतून जेवढी वाचतील तेवढी आपली म्हणायची. तलंगा ठेवायच्या, जादा नर आखाडात जावयासाठी, म्हसोबाच्या नवसासाठी किंवा बाजारासाठी राखायचे. जिच्याजवळ एकही कोंबडी नसे तिला शेजारीण अर्धेलीने देई आणि पिल्ले वाटून घेई. या व्यवहाराला ना कागद लागे ना साक्षीदार. मीठ, तेल, पोराची पाटी यांसाठी घरधन्यापुढे हात न पसरता येणारा पैसा तो हाच.

विसाव्या शतकात सुधारणेचे वारे आले. संयुक्त प्रांतातील एटा येथे अमेरिकन मिशनने १९१२ च्या सुमारास विलायती जातींचे कोंबडीपालन सुरू केले, १९३९ मध्ये इज्जतनगर येथे कुक्कुटसंशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि स्वातंत्र्यानंतर गावठी कोंबडा घेऊन त्याच्या बदल्यात लेगहॉर्न किंवा ऱ्होड आयलंड रेड जातीचा नर देण्याच्या योजना गावोगाव पोहोचल्या. पांढरी लेगहॉर्न अंड्यांना उदार खरी. पण खुडूक होण्याचा गुण पैदासकारांनी तिच्यातून जवळजवळ घालवून टाकलेला, आणि तिचा शुभ्र रंग घारीला आकाशातून आमंत्रण देणारा. यंत्राची ऊब नसलेल्या गावात तिची अंडी उबविणार कोण? तेव्हा बायकांनी कोणत्याही परिपत्रकाची वाट न पाहता तोडगा काढला: अंडी संकराची आणि रवण गावठीचे. शुद्ध जातीचा आग्रह धरणाऱ्या अधिकाऱ्याला परड्यात लाल, कबरी, काळी, पांढरी अशी जी सरमिसळ दिसे तिला तो अव्यवस्था म्हणे. मला ती पुरेशी शहाणी व्यवस्था वाटते.

मानमोडीपुढे मात्र हे शहाणपण चालले नाही. १९२०-३० च्या दशकात कुमाऊँच्या पहाडात ओळखल्या गेलेल्या आणि म्हणूनच राणीखेत हे नाव मिळालेल्या या रोगाने खुराडीच्या खुराडी ओस पाडल्या. लस निघाली, पण ती शेकडो मात्रांच्या कुपीत आणि थंड ठिकाणी ठेवावयाची. आठ कोंबड्यांच्या धनिणीने ती आणावी कशी आणि उरलेल्या मात्रांचे करावे काय, याचा विचार कुपी भरणाऱ्यांनी केलेला नव्हता.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, भारतात प्रथमच, पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला तो अंड्यांच्या मोठ्या कारखानदारी फार्मांत. पक्षी मारण्याचा हुकूम निघाला तेव्हा फार्मांबरोबर आसपासच्या घरांतील परडीही रिकामी झाली, आणि पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील खेड्यांच्या दारच्या कोंबड्यांवर तीच पाळी आली. पथके घरोघर गेली. नुकसानभरपाई अंड्याचा पक्षी, मांसाचा पक्षी, पिल्लू अशा प्रतवारीने ठरली होती. पण जी कोंबडी चैत्रात अंडी देते, पावसाळ्याच्या तोंडी दुसरीची पिल्ले फिरविते आणि अंगावर आली की दिवाळीच्या पाहुण्यापुढे रश्श्यात येते, ती कोणत्या रकान्यात लिहावी, असा पेच पंचनामा करणाऱ्या कारकुनाला पडला असल्यास नवल नाही.