पेटीवरील आंकडा

ज्या वस्तूचें मोल तिच्या उपयोगावरून न ठरतां तिच्या निर्मळपणावरून ठरतें, तिच्या व्यापारांत लबाडीला नेहमींच रान मोकळें असतें. सोन्यांत भेसळ झाली तर कसोटी आहे. दुधांत पाणी पडलें तर जिभेला कळतें. परंतु ऐंशींहून अधिक वर्षांपूर्वीं दहा सेंटांस विकलेल्या, मुलांनीं वाचून चुरगळून टाकावें म्हणूनच छापलेल्या एखाद्या चित्रकथेच्या अंकाची कड कोणीं अर्धें सूत कापली आहे कीं नाहीं, हें कसें ओळखावें? आणि त्या अर्ध्या सुतावर हजारों डॉलर अवलंबून असतील तर? अमेरिकेंत या प्रश्नाचें जें उत्तर शोधण्यांत आलें त्याचा, आणि त्या उत्तराच्याच पोटीं जन्मलेल्या नव्या लबाडीचा इतिहास वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९३८ सालच्या जून महिन्याचा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक हें या व्यापाराचें दैवतच म्हणावयास हरकत नाहीं. जेरी सीगल व जो शूस्टर या दोघां तरुणांनीं निर्माण केलेला सुपरमॅन त्यांत प्रथम अवतरला. कागद लांकडाच्या लगद्याचा, कांहीं वर्षांत पिवळा पडून तुटूं लागणारा. मुखपृष्ठ तारांनीं टांचलेलें. अशीं पुस्तकें जपून ठेवण्याचें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें. महायुद्धाच्या काळांत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत त्यांचे भारेच्या भारे गेले. १९४८ सालीं कांहीं गांवीं, यांच्यामुळें मुलें बिघडतात या समजुतीनें, शाळकरी मुलांच्याच हातून त्यांच्या होळ्या करविण्यांत आल्या. जें उरलें तें अडगळींतल्या खोक्यांत उरलें, आणि थोडें उरलें म्हणूनच महाग झालें. १९७० सालीं रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनीं किंमतींची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तेव्हांपासून हा पोरखेळ रीतसर बाजार बनत गेला. २०१४ सालीं या पहिल्या अंकाची एक उत्तम प्रत ३२ लाख डॉलरांस गेली. २०२४ सालीं दुसरी एक, तिच्याहून गुणांनीं किंचित् उणी, ६० लाखांस.

अशा बाजारांत एकाच अंकाच्या अनेक किंमती असतात. कोऱ्यासारख्या प्रतीची एक, बऱ्या प्रतीची दुसरी, फाटक्या प्रतीची तिसरी. म्हणजे किंमत अंकाची नसून त्याच्या अवस्थेची. आणि ती अवस्था कोणती हें सांगणार कोण, तर विकणारा! टपालानें माल मागविणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातीं ‘कोरी प्रत’ म्हणून काय पडेल याचा नेम नसे. त्यांतूनच हस्तकौशल्याचा एक धंदा वाढला. झिजलेल्या कडा कापून सरळ करणें, रंग उडालेल्या ठिकाणीं जुळता रंग भरणें, चीर आंतून चिकटविणें, गंजलेल्या तारा बदलणें, दुसऱ्या प्रतीचें पान आणून बसविणें, असे त्याचे नाना प्रकार. यांतील कडा कापण्याची युक्ति पाहून आम्हांस इंग्लंडांतील नाणीं कातरणारे लोक आठवतात. तेथें रुप्याच्या नाण्यांच्या कडा इतक्या कातरल्या गेल्या कीं, १६९६ सालीं जुनें चलन परत घेऊन, यंत्रानें पाडलेलें, कडेवर खांचा वा अक्षरें असलेलें नवें नाणें चालू करावें लागलें. कडेवर खांचा असल्या म्हणजे कात्रीचें काम लपत नाहीं. पुस्तकाच्या कडेस मात्र खांचा पाडतां येत नाहींत.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुरुस्ती हें स्वतः पाप नव्हे. जुन्या तैलचित्रांची दुरुस्ती मोठमोठ्या चित्रशाळांत उघडपणें चालते आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडीत नाहीं. पाप आहे तें दुरुस्ती लपवून अस्पर्श वस्तूचे दाम घेण्यांत.

या गोंधळावरचा उपाय नाण्यांच्याच व्यापारांतून आला. नाणें तपासून, त्यास गुण देऊन, तें पारदर्शक कवचांत बंद करून देणाऱ्या कंपन्या अमेरिकेंत १९८६ च्या सुमारास निघाल्या होत्या. त्याच धर्तीवर २००० सालीं सर्टिफाइड गॅरंटी कंपनी जन्मास आली. तिचें ठाणें आज फ्लोरिडांतील सॅरासोटा येथें आहे. परीक्षा करणारानें विकूं नये व विकणारानें परीक्षा करूं नये, हें तिचें मूळ तत्त्व. आमच्याकडे पूर्वीं नाण्याची पारख करून देण्याचें जें काम पोतदाराकडे असे, तेंच येथें कंपनीच्या पगारी परीक्षकांकडे आलें. ते अंकाचीं पानें मोजतात. भिंगाखालीं व अतिनील प्रकाशांत धरून रंग, डिंक आणि कात्री यांच्या खुणा शोधतात. आणि अर्ध्यापासून दहापर्यंतच्या पंचवीस पायऱ्यांपैकीं एक त्यास देतात. मग अंक कठीण प्लॅस्टिकच्या पेटींत कायमचा बंद होतो आणि वर आंकडा व दाखल्याचा क्रमांक असलेली चिठ्ठी येते. अस्पर्श प्रतीस निळी चिठ्ठी, दुरुस्त केलेलीस जांभळी. जांभळा रंग दिसतांच संग्राहकाचा चेहरा उतरतो आणि किंमतही उतरते.

या व्यवस्थेनें बाजारास स्थैर्य आलें हें निर्विवाद. न पाहिलेला माल दूरदेशींच्या माणसानें निःशंक घ्यावा, इतका विश्वास तिनें उत्पन्न केला. पण विश्वास उत्पन्न झाला तो पुस्तकाविषयीं नव्हे, पेटीविषयीं! पुस्तक आतां उघडतां येत नाहीं; तें वाचण्याचा प्रश्नच उरला नाहीं. (वाचतां न येणाऱ्या पुस्तकास पुस्तक म्हणावें कीं नाहीं, हा वाद आम्ही तर्कशास्त्र्यांवर सोंपवितों.) ९.६ आणि ९.८ यांतला भेद सामान्य डोळ्यास दिसतही नाहीं. तरी किंमत कित्येकदां दुपटीनें वाढते. म्हणजे गिऱ्हाईक जें विकत घेतें तो आंकडा, आणि लबाडाची नजरही साहजिकच पुस्तकावरून उठून आंकड्यावर बसली.

एक उदाहरण घेऊं. १९७४ सालच्या ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८१ व्या अंकांत वुल्व्हरिन हें पात्र प्रथमच पूर्णपणें रंगभूमीवर आलें, म्हणून त्यास फार मागणी. त्या काळीं प्रकाशक आंतल्या पत्रव्यवहाराच्या पानावर एक लहानसें चित्र-तिकीट छापीत आणि मुलांनीं तें कापून वहींत चिकटवावें अशी योजना होती. मुलांनीं आज्ञाधारकपणें कात्र्या चालविल्या. तिकीट कापलेल्या प्रतीचें मुखपृष्ठ कितीही झगझगीत असलें, तरी तिचें मोल पार घसरतें. आतां हा दोष आंतल्या पानावर. पेटी बंद झाल्यावर तो पाहणार कोण? जें कवच रक्षणासाठीं केलें तेंच पडदाही होऊं शकतें, हें यावरून ध्यानीं येईल.

२०२३ सालच्या अखेरीस व २०२४ च्या आरंभीं जें प्रकरण उघडकीस आलें, त्याचें मर्म हेंच होतें. पेटीस ओरखडे पडले कीं मालक ती कंपनीकडे पाठवी. कंपनी अंक नव्या पेटींत घाली आणि जुनाच आंकडा नव्या चिठ्ठीवर येई. अंक एकदां तपासलेलाच होता, तो पुन्हां कशास तपासावा? या सोयींत एकानें फट पाहिली. जुनी पेटी खूण न राहील अशा बेतानें उघडावयाची, आंतली उत्तम प्रत काढून घेऊन हलकी प्रत ठेवावयाची, आणि पेटी बदलण्यासाठीं कंपनीकडेच धाडावयाची. कंपनी आपल्या हातानें तिला नवें, निष्कलंक कवच चढवी. उत्तम प्रत मोकळी होई, ती पुन्हां परीक्षेस जाऊन दुसरा दाखला मिळविण्यास सज्ज! खोटा शिक्का बनविण्याची यातायात नको. टांकसाळीकडूनच खरा शिक्का मारून घ्यावा, असा हा प्रकार. लबाडीच्या इतिहासांत याहून आळशी आणि याहून चतुर युक्ति आमच्या पाहण्यांत नाहीं.

ती पकडली गेली ती मात्र अगदीं साध्या उपायानें. संग्राहकांनीं एकाच दाखला-क्रमांकाचीं जुनीं व नवीं छायाचित्रें शेजारीं ठेवलीं. मुखपृष्ठाची घडी कोठें पडली आहे, तारा किती वर किंवा खालीं आहेत, कोपरा कसा कापला गेला आहे, या गोष्टी छापखान्यांतून निघतांनाच ठरतात आणि प्रत्येक प्रतीच्या निराळ्या असतात. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारख्या. क्रमांक तोच, पण ठसा निराळा! कंपनीनें तीनशेंहून अधिक संशयित क्रमांकांची यादी प्रसिद्ध केली, पेटी बदलण्याची रीत बदलली आणि २०२४ सालीं न्यायालयांत दावा लावला. परंतु ज्यांनीं सचोटीनें पैसे मोजून त्या प्रती घेतल्या होत्या, त्यांच्या कपाटांतील पेट्या रातोरात संशयास्पद झाल्या. आणि त्यांच्यावरील चिठ्ठ्या खऱ्याच होत्या, हें त्यांचें दुर्दैव.

आमच्या मतें कवच अधिक जाड करून, त्यावर चकाकणाऱ्या खुणा वाढवून हा प्रश्न पुरता सुटणार नाहीं. तेवढ्यानें फक्त कवचाचेंच रक्षण होतें. चिठ्ठीवरील आंकडा त्या एकाच प्रतीशीं बांधला जाईल असा उपाय म्हणजे परीक्षेच्या वेळींच तिच्या दोन्ही बाजूंचें स्पष्ट छायाचित्र काढून तें क्रमांकासह सर्वांस पाहतां येईल असें ठेवणें. मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या विक्रींचीं छायाचित्रें पाहतां येतात, आणि सावध गिऱ्हाईक खरेदीपूर्वीं तीं धुंडाळतें. ज्या प्रतीचें जुनें चित्र कोठेंच नाहीं, तिच्या बाबतींत मात्र पेटीवर भरंवसा ठेवणें किंवा पेटी फोडून पानें मोजणें, असे दोनच मार्ग उरतात. आणि पेटी फोडली कीं वरचा आंकडाही त्याच क्षणीं रद्द होतो.