अदृश्य शीव

जमिनीवरील शीव डोळ्यांना दिसते. कोंकणांत दोन आवारांच्या मध्यें दगडांचा गडगा घातलेला असतो, आणि तो ओलांडणाराला आपण काय करीत आहों हें पक्कें ठाऊक असतें. पाण्यावर असा गडगा घालतां येत नाहीं. आकाशांत तर मुळींच नाहीं. तेथील शीव आंखणाराच्या नकाशावर असते. ओलांडणाराच्या डोळ्यांपुढें ती असतेच असें नाहीं. मग जो नकळत ती ओलांडतो त्याला अपराधी मानावयाचें कीं वाट चुकलेला प्रवासी? गजबजलेल्या विमानतळाच्या राखीव आकाशांत एखादें लहान खासगी विमान चुकून शिरलें म्हणजे हा प्रश्न आज उभा राहतो, आणि तो अगदीं नवा वाटतो. परंतु मालवणच्या किनाऱ्याला तो जुन्या परिचयाचा आहे. विमानें उडूं लागण्यापूर्वीं चारशें वर्षें तो ह्याच किनाऱ्यासमोरच्या पाण्यांत उपस्थित झाला होता.

सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज आमच्या समुद्रावर आले आणि त्यांनीं त्यावर आपली मालकी सांगितली. त्यांचा परवाना, ज्याला ते ‘कार्ताझ’ म्हणत, घेतल्यावांचून व्यापारी गलबत हाकारणें हा गुन्हा ठरला. गलबत कोणाचें, त्यावर माल कोणता, हत्यारें किती, जावयाचें कोणत्या बंदरास, हें सारें त्या कागदांत लिहिलेलें असे. शिवाय पोर्तुगीज ठाण्यावर जकात भरावी लागे. कागद नसला तर गलबत मालासकट जप्त होई. १६०९ सालीं ह्यूगो ग्रोशियस ह्या डच पंडितानें, समुद्र कोणाच्याच मालकीचा होऊं शकत नाहीं, असें प्रतिपादन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो पोर्तुगीजांच्या ह्याच दाव्याला उत्तर म्हणून. पुढें त्याच शतकांत डचांची वखार आमच्या वेंगुर्ल्यास उभी राहिली.

शिवाजी महाराजांनीं १६६४ मध्यें मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, आणि तीन वर्षांत तो जलदुर्ग पुरा झाला. मराठी आरमार उभें राहिल्यावर, आपल्या पाण्यांत आपलें दस्तक चालावें, असा हक्क मराठ्यांनींही सांगितला. १७२९ मध्यें निवर्तलेल्या कान्होजी आंग्र्यांचा हा हक्क इंग्रजांनीं मानला नाहीं, आणि त्यांतून केवढा झगडा माजला हें वाचकांस विदित आहेच. इंग्रजांनीं आंग्र्यांना चांचे म्हटलें, मालवणच्या दर्यावर्दींनाही चांचेच म्हटलें. आणि १८१२ च्या तहानें कोल्हापूरकरांकडून सिंधुदुर्गासह मालवणचें बंदर घेतलें, तेंही चांचेगिरी मोडावयाची म्हणूनच. कोणत्या बाजूचा न्याय खरा हा वाद येथें बाजूला ठेवूं. सत्तेचें चिन्ह आणि जकातीचें साधन, हेंच ह्या शिवांचें मुख्य प्रयोजन होतें. ती ओलांडणाराचा जीव वांचावा हा त्यांचा हेतु नव्हता.

परंतु प्रत्येक निषिद्ध जागा ह्या जातीची नसते. मालवणच्या बंदराबाहेर पाण्याखालीं खडकांची रांग दडलेली आहे. अमुक जागीं नाव घालूं नये, हा तेथील नियम कोणा राजानें केलेला नाहीं. तो खडकानेंच केलेला आहे. गांवचा तांडेल किनाऱ्यावरील डोंगर, झाडें, देवळाचें शिखर ह्यांच्या खुणा जुळवून ती वाट ओळखतो. परका नाखवा मात्र तेथें फसतो. अशा परक्यासाठींच वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर १८७० मध्यें दीपस्तंभ उभा राहिला. ‘इकडे येऊं नका’ हेंच तो दिवाही सांगतो. पण तो सर्वांना, वेळेवर आणि फुकट सांगतो.

विसाव्या शतकांत शिवा आकाशांत चढल्या त्या ह्या दोन्ही जातींच्या. १९१९ च्या पॅरिस करारानें प्रत्येक राष्ट्राचें आपल्या भूमीवरील आकाशाचें स्वामित्व मान्य केलें. १९४४ च्या शिकागो करारानें तें कायम करून, लष्करी गरजेसाठीं किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं आकाशाचे कांहीं भाग निषिद्ध ठरविण्याची मुभा दिली. पहिल्या जातीच्या शिवेचा क्रूर परिणाम १ सप्टेंबर १९८३ रोजीं जगानें पाहिला. मार्ग चुकून सोव्हिएत हद्दींत शिरलेलें एक कोरियन प्रवासी विमान तेथील लढाऊ विमानानें पाडलें, आणि २६९ माणसें प्राणास मुकलीं. पुढच्याच वर्षीं शिकागो करारांत कलम घालण्यांत आलें कीं, उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवूं नये. वाट चुकणें हा देहान्ताचा अपराध नव्हे, हें जगाला लेखी कबूल करण्यास इतकीं वर्षें लागलीं.

विमानतळाभोंवतींचें राखीव आकाश मात्र प्रायः दुसऱ्या जातीचें आहे. आमच्याच किनाऱ्याचें उदाहरण घेऊं. पोर्तुगीजांनीं १९५५ मध्यें सुरू केलेला दाभोळीचा विमानतळ १९६१ नंतर भारतीय नौदलाकडे आला. परुळ्याजवळच्या चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडला. पेडण्यांतील मोपावरून जानेवारी २०२३ मध्यें उड्डाणें सुरू झालीं. हे तिन्ही तळ सरळ रेषेंत ऐंशी किलोमीटरांच्या आंत आहेत. मोठ्या विमानतळावरील राखीव आकाशाचा आकार साधारणपणें उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखा असतो: तळाशीं लहान, वर जावें तसें रुंद. तळाजवळ तें जमिनीपासूनच सुरू होतें. दूर गेल्यावर त्याच्या खालून परवानगीशिवाय जातां येतें. लहान विमानाचा चालक खाडीचीं मुखें, रस्ते, रेल्वेचा रूळ ह्या खुणांवर चालतो. एका खाडीला दुसरी समजला, वाऱ्यानें थोडा सरकला, किंवा उंचीचा अंदाज चुकला, कीं तो उतरंडीच्या आंत गेलाच. तेथें त्याला ना दगड लागतो ना दिवा.

अशी चूक नवशिक्याच करतो असेंही नाहीं. मुंबईस जुहूचा लहान विमानतळ आणि सांताक्रूझचा मोठा विमानतळ जवळजवळ आहेत. १९५३ च्या जुलैंत ब्रिटिश कंपनीचें कॉमेट जातीचें जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरलें. १९७२ च्या सप्टेंबरांत जपानी कंपनीच्या विमानानें तीच चूक केली. तें आंखूड धावपट्टी ओलांडून पुढें गेलें आणि निकामी झालें. सुदैवानें कोणी दगावलें नाहीं. हे चालक कसलेले होते, तरीही दोन धावपट्ट्यांनीं त्यांना फसविलें. लंडनजवळ असाच घोटाळा होऊं लागला तेव्हां तेथील लोकांनीं गॅसच्या प्रचंड टाक्यांवर विमानतळांचीं आद्याक्षरें रंगविलीं. वेंगुर्ल्याच्या दिव्याचाच हा भाऊ म्हणावयाचा.

अमेरिकेंत मात्र दैव इतकें कनवाळू नव्हतें. ३१ ऑगस्ट १९८६ रोजीं एक लहान खासगी विमान लॉस एंजेलिसच्या राखीव आकाशांत परवानगीवांचून आणि नकळत शिरलें, आणि सेरिटोस गांवावर एका मेक्सिकन प्रवासी विमानावर आदळलें. दोन्ही विमानांतील ६७ आणि जमिनीवरील १५, अशीं ८२ माणसें मेलीं. मेलेल्या चालकावर दोष ढकलून मोकळें होणें सोपें होतें. चौकशी मंडळानें तसें केलें नाहीं. त्याची चूक नमूद करूनही, मूळ कारण म्हणून मंडळानें नियंत्रणव्यवस्थेच्याच उणिवेवर बोट ठेवलें. त्या लहान विमानावर आपली उंची आपोआप कळविणारें यंत्र नव्हतें. त्यानंतर गजबजलेल्या आकाशांत असें यंत्र, आणि मोठ्या प्रवासी विमानांवर टक्कर टाळण्याची सूचना देणारें यंत्र, तेथें सक्तीचें झालें.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, शीव माहीत करून घेणें हें उडणाराचेंच कर्तव्य आहे. नकाशा न पाहतां जो निघतो त्याची गय कां करावी? आक्षेप खरा आहे. ज्या विमानांत शंभर माणसें बसलीं आहेत त्याच्या वाटेंत एकाच्या हौसेसाठीं धोका उभा राहूं नये, आणि बेपर्वाईला शिक्षा हवीच. परंतु बेपर्वाई आणि चूक ह्यांत भेद करावयाचा तर शीव आंखणारानें आपलें कर्तव्य आधीं केलेलें असावें लागतें. सेरिटोसच्या चौकशीनें दोन्ही बाजूंचा हिशेब मांडला, म्हणूनच पुढचे जीव वांचविणारी सुधारणा झाली. आमच्या किनाऱ्यावर आतां तीन विमानतळांचें आकाश आंखलेलें आहे. तें आंखणारांपुढें दोन वडीलधारे नमुने आहेत: एक जप्तीसाठीं टपलेला कार्ताझवाला, आणि दुसरा खडकावर रात्रभर जागणारा दिवेवाला. त्यांनीं दुसऱ्याचा वारसा चालवावा.