तलंगेच्या हाडातला चुना

अंडी घालते ती कोंबडी आणि अजून अंड्यावर आली नाही ती तलंग, हा भेद आपल्या खेड्यातल्या कोणत्याही म्हातारीला सांगावा लागत नाही. तलंगेचा फिक्कट तुरा लाल होऊ लागला, ती खुराड्याच्या कोपऱ्यात, गवताच्या गंजीत, माळ्यावरच्या फुटक्या टोपलीत जागा हुडकत कुरकुरू लागली, की म्हातारी काय ते ओळखते. मग त्या तलंगेपुढे कण्या जरा सढळ हाताने पडतात. म्हातारीने हे शास्त्र कोठल्या पुस्तकात वाचलेले नसते. परंतु कोंबडीचे खाणे नेमके केव्हा बदलावे, या प्रश्नाने ज्या थोरामोठ्यांना कोड्यात टाकले, त्यांची हकिकत मात्र मोठी मनोरंजक आहे.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात एक नोंद करून ठेवली आहे. काही कोंबड्या बेसुमार अंडी घालतात आणि अशी अंडी घालता घालताच एकाएकी मरून पडतात, असे तो म्हणतो. असे का व्हावे, याचा उलगडा मात्र तो करीत नाही. त्यानंतर चारशे वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कोलुमेला नावाच्या रोमन जमीनदाराने शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. हा मूळचा स्पेनमधल्या गादेसचा, म्हणजे आजच्या कादिझचा. ग्रंथाचा आठवा भाग सगळा अंगणातल्या पाखरांचा आणि तळ्यातल्या माशांचा. हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस उलटला आणि कोंबड्या अंड्यावर येऊ लागल्या, की त्यांना अर्धवट शिजवलेले सातू घालावे, त्याने अंडी मोठी होतात आणि लवकर लवकर मिळतात, असा त्याचा सल्ला आहे. म्हणजे अंड्याचा हंगाम आला की खाणे बदलावयाचे, ही गोष्ट दोन हजार वर्षांमागेही चांगल्या शेतकऱ्याला पटलेली होती. बदलावयाचे ते कशासाठी, हे कळायला फार काळ जावा लागला.

तो उलगडा करण्याचा पहिला खराखुरा प्रयत्न झाला पॅरिसमध्ये, १७९९ साली. राज्यक्रांतीची धूळ अजून खाली बसायची होती. अशा वेळी लुई निकोला व्होकलँ नावाचा रसायनशास्त्रज्ञ एका कोंबडीची विष्ठा गोळा करून तराजूत तोलीत बसला होता! या माणसाला वेडगळ समजू नका. नॉर्मंडीतल्या शेतावर राबणाऱ्या घरातला हा मुलगा. १७९७ साली त्याने क्रोमियम हे मूलद्रव्य शोधून काढले आणि लगोलग दुसऱ्या वर्षी पाचूमध्ये बेरिलियमचा माग लावला. युरोपातल्या पहिल्या प्रतीच्या रसायनज्ञांत त्याची गणना होत असे.

त्याने काय केले? कोंबडीला दहा दिवस नुसते ओट धान्य घातले, तेही मोजून, सुमारे अर्धा किलो. त्या दहा दिवसांत तिने चार अंडी दिली. मग ओटमध्ये चुना किती, अंड्यांच्या टरफलांत किती आणि विष्ठेत किती, याचा जमाखर्च त्याने मांडला. आणि पाहतो तो जमेपेक्षा खर्च कितीतरी जास्त. कोंबडीच्या पोटात जेवढा चुना गेला, त्याच्या अनेक पटींनी बाहेर आला होता. हिशोबात चूक नव्हती. मग हा वरचा चुना आला कोठून? कोंबडीच्या अंगातच तो नव्याने तयार होत असावा की काय, अशी शंका त्या बिचाऱ्याला आली.

ही शंका तेथेच विरली असती तर बरे होते. पण पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी, १९६० च्या दशकात, लुई केर्व्हरां नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच गृहस्थाने व्होकलँचा हा प्रयोग उकरून काढला आणि कोंबडी आपल्या शरीरात पोटॅशियमचे कॅल्शियम करते, असा सिद्धांत ठोकून दिला. किमयागारांना जे साधले नाही ते कोंबडीला साधते म्हणावयाचे! शास्त्रज्ञांनी अर्थातच ते मानले नाही. १९९३ साली त्याला इग नोबेल हे थट्टेचे पारितोषिक मात्र मिळाले. मला वाटते, केर्व्हरांने कोंबडीकडे पाहिले ते पेटीकडे पाहावे तसे. इकडून घाला, तिकडून काढा. या पेटीच्या आत एक कोठार असेल, ही साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही.

ते कोठार म्हणजे कोंबडीची हाडे. शिकागो विद्यापीठात प्रेस्टन काइझ आणि ट्रूमन पॉटर या दोघांनी १९३४ साली कबुतरांच्या माद्यांची हाडे कापून तपासली. अंडी घालण्याच्या सुमारास मांडीच्या हाडाच्या पोकळीत, जेथे एरवी मज्जा असते तेथे, बारीक जाळीसारखे नवेच हाड उगवलेले त्यांना दिसले. नराच्या हाडात ते नव्हते. अंड्याचा हंगाम संपला की मादीच्या हाडातूनही ते नाहीसे होई. पुढे लवकरच कळले, की मादीच्या बीजकोशातला रस रक्तात उतरू लागला की हे मज्जास्थी घडू लागते. कोंबडीतही तोच प्रकार. पहिले अंडे पडण्यापूर्वी साधारण दहा ते चौदा दिवस तलंगेच्या हाडांत ही बेगमी सुरू होते. तुरा लाल होतो तो याच रसाच्या दिवसांत. आपल्या म्हातारीने बाहेरून जी खूण ओळखली, तिच्या आत हे चाललेले असते.

आता बेगमी का लागते ते पाहा. एका अंड्याच्या टरफलात दोन ग्रॅमांहून थोडे अधिक कॅल्शियम असते. कोंबडीच्या सगळ्या सांगाड्यात मिळून ते वीस ग्रॅमांच्या आसपास. म्हणजे दर अंड्यामागे दहावा हिस्सा अंगाबाहेर जातो! त्यातून टरफल घडायला वीसेक तास लागतात आणि त्यातला पुष्कळ भाग रात्रीचा. रात्री कोंबडी खात नाही. पोटातला साठा सरला की ती हाडाच्या कोठारातून उचल करते आणि दिवसा खाल्लेल्या चुन्याने ती फेडते. व्होकलँची कोंबडी दहा दिवस नुसती उचलच करीत होती, फेड करायला ओटमध्ये काही नव्हते. अशी आणखी काही दिवस ठेवली असती, तर तिने अंडी तरी थांबवली असती किंवा ती लंगडी तरी झाली असती.

लंगडेपणाची ही गोष्ट गेल्या शतकात फार मोठ्या प्रमाणावर घडली. १९५० च्या दशकात अमेरिकेत कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत ठेवण्याची चाल वाढली, तशा भर अंड्यावर असलेल्या धडधाकट कोंबड्या पाय पसरून पडू लागल्या. हाडे काडीसारखी मोडत. त्या दुखण्याला ‘पिंजऱ्यातला शिणवटा’ अशा अर्थाचे नाव पडले. ॲरिस्टॉटलच्या त्या एकाएकी मरणाऱ्या कोंबड्यांचे दुखणेही कदाचित याच जातीचे असेल. मूळची रानकोंबडी वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घाली. मग खुडूक होऊन रवणीला बसे. त्या काळात अंडी बंद, आणि सांगाड्याचे खरे, मजबूत हाड पुन्हा भरून निघे. अंडी चालू असताना ते भरत नाही. लेगहॉर्नसारख्या जातींतून माणसाने निवडून निवडून खुडूकपणा काढून टाकला आणि वर्षाला तीनशे अंडी मिळवली. खुडूक कोंबडीला आपण आळशी म्हणून पाण्यात बुडवतो, शेपटीला चिंधी बांधतो, ती बिचारी आपली हाडे दुरुस्त करीत असते.

मग प्रश्न येतो, चुना लहानपणापासूनच भरपूर का घालू नये? बेगमी जितकी लवकर तितकी बरी! पण तसे होत नाही. कोठार उघडायचे असते ते रसाच्या खुणेने. त्याआधी कित्येक आठवडे अंड्यावरच्या कोंबडीइतका चुना पिलांना घातला, तर तो साठत नाही. तो बाहेर टाकण्याचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो. ती निकामी होतात आणि आतड्या-काळजावर पांढरी पूड धरते. म्हणून वाढत्या तलंगेच्या खाद्यात कॅल्शियम शेकडा एकच्या आसपास ठेवतात, पहिल्या अंड्याआधीच्या पंधरवड्यात ते दोन-अडीचवर नेतात, आणि अंडी सुरू झाली की साडेतीन ते चार. पुण्यात १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीजचा पाया घातला, तेव्हापासून आपल्याकडे हजारोंच्या कळपांची कुक्कुटशाळा उभी राहिली. तेथे हा बदल आठवडे मोजून आणि वजन करून होतो. सतराव्या-अठराव्या आठवड्याला नवे पोते उघडायचे! देशी तलंगेला ते लागू नाही. ती सहा-सात महिने सावकाश घेते.

जाता जाता सांगतो, हे मज्जास्थी आज पाखरांतच आढळते. पण २००५ साली मेरी श्वाइट्झर या अमेरिकन विदुषीने मोंटाना प्रांतात सापडलेल्या टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात तसलीच जाळी दाखवली. सुमारे सात कोटी वर्षांपूर्वीची ती अक्राळविक्राळ बया अंड्यावर आलेली होती म्हणावयाची!

घरच्या चार-सहा कोंबड्यांत मात्र अडचण निराळी. दोन अंड्यावर, एक खुडूक, दोन तलंगा आणि एक कोंबडा. पोते कोणाच्या वयाचे आणावे? येथे वाढत्या पिलांचेच खाद्य सगळ्यांना घालावे आणि कालवांचे शिंपले जाडसर कुटून वेगळ्या परळात ठेवावे, पीठ करू नये. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्री कामाला येतात. अंड्यावरची कोंबडी दिवस कलताना आपण होऊन त्या परळाकडे वळते. कोंबडा आणि कोवळ्या तलंगा फारसे तोंड लावीत नाहीत. एखाद्या संध्याकाळी तलंग तेथे उभी राहून शिंपला टिपताना दिसली, की टोपलीत गवत घालून ठेवावे.