येवल्याच्या पदरातली फुलं

पैठणीचा पदर हातात आला की मी आधी पाकळ्या मोजते. माहेर येवल्याचं आणि आयुष्यभर नाशकात वनस्पतीशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे जरीच्या आधी वेलीकडे डोळा जातो. इतके पदर पाहून माझं मत झालंय की या कापडात झाडं दोन वाटांनी आली: नक्षी म्हणून आणि रंग म्हणून. नक्षी टिकली. रंगाची वाट शंभरेक वर्षांपूर्वी बुजली, आणि तिची हळहळही कुणी केली नाही.

येवलं नाशिकपासून ८० किलोमीटरच्या आसपास. पैठणीला नाव देणारं पैठण गोदाकाठचं, प्राचीन. येवल्याचा माग त्यामानानं अलीकडचा. गावचे रघोजी नाईक यांनी श्यामदास वालजी या गुजराती व्यापाऱ्याला सवलती देऊन इथं आणलं, त्याच्या भरवशावर विणकर वसले. पुढे पेशवाईत गाव विंचूरकरांच्या जहागिरीत होतं. गिऱ्हाईक म्हणजे पुण्याचे वाडे. थोरल्या माधवरावांनी असावलीचे दुपट्टे मागवल्याचं पत्र प्रसिद्ध आहे. लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी असे रंगसुद्धा त्यांनी सांगितले होते. राज्याच्या रामरगाड्यात दुपट्ट्याच्या रंगाकडे इतकं बारीक लक्ष देणारा तो पेशवा मला फार जवळचा वाटतो.

ही असावली म्हणजे फुलांची वेल. तिला मी कुठल्याच कुळात बसवू शकत नाही. मोगलाईत दख्खनला आलेल्या फुलझाडांच्या नक्षीचं वळण तिच्यात आहे, पण पानं आपल्याकडच्या वेलींसारखी आडवी पसरतात. कमळ मात्र ओळखीचं, अजिंठ्याच्या छतांवर रंगवलेलं आणि गोदेच्या खोऱ्यातल्या तळ्यांत फुलणारं. काठाला नारळी, बुट्टीला कोयरी. विसाव्या शतकात निजामाच्या घराण्यातल्या निलोफर बेगमेनं काठपदरात नव्या नक्षी आणवल्या असं सांगतात.

पण फुलाचा आकार ठरवला तो गिऱ्हाइकापेक्षा हातानं. पदरात बाणा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धावत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, आणि ती आपल्या हद्दीपुरतीच फिरते. पाकळीचा लाल जिथं संपतो तिथं शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकून मागं वळतो. ताण्याचे धागे बोटांनी मोजून उचलायचे, कांडी घालायची, ठोकायचं, पुन्हा मोजायचं. म्हणून पैठणीच्या पाकळीला गोल कड नसते. जवळून पाहिलं तर ती पायऱ्यापायऱ्यांनी चढते. निसर्गातल्या फुलाचं किती ठेवायचं आणि किती सोडायचं हे त्या मोजणीनं शिकवलं. पाचांच्या आठ पाकळ्या झाल्या, पुंकेसर गेले, देठ सरळ झाला. आणि पदर उलटा केला तरी फूल जवळजवळ तसंच दिसतं. मागं कापलेल्या धाग्यांची लव दिसली तर ती हातची वीण नव्हे. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं तरी अशी लव असलेली लुगडी पैठणी म्हणून विकली जातात, याचा मला संताप येतो.

आता रंग. पूर्वी रंग यायचे ते झाडांतून, नाहीतर लाखेसारख्या किड्यांपासून. निळा निळीच्या पाल्याचा, पिवळा हळदीचा नाहीतर पळसफुलांचा. सगळ्यांत नाजूक काम कुसुंब्याचं, म्हणजे आपल्या करडईच्या फुलांचं. काट्यांतून पाकळ्या खुडायच्या, पाण्यात चोळचोळून त्यातला पिवळा अंश वाहून जाऊ द्यायचा, मग खारात भिजवून लाल सोडवायचा आणि लिंबाची आंबटी देऊन तो धाग्यावर बसवायचा. एकाच फुलातून फिकट गुलाबी ते गर्द कुसुंबी! पण उन्हात आणि धुण्यात तो विटायचा. १८५६ मध्ये पर्किन या रसायनशास्त्रज्ञानं विलायतेत पहिला कृत्रिम रंग काढला, १८६८–६९ मध्ये मंजिष्ठेतला लाल प्रयोगशाळेत तयार झाला, १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. स्वस्त, पक्का, एका उकळीत बसणारा रंग सोडून विणकरानं करडई खुडत बसावं असं म्हणायचा मला हक्क नाही. त्याचं पोट त्यावर होतं. नाशिक–नगरच्या शेतकऱ्याला करडई तेलासाठी माहीत राहिली, रंगासाठी नाही.

नक्षीचं मात्र अजून आपल्या हातात आहे. भाद्रपदात ब्रह्मगिरीवर तेरडा आणि सोनकी फुलतात, कुंपणांवर कळलावी चढते. कळलावीची पाकळी खाली पिवळी आणि टोकाला लाल, कडा नागमोडी. आडव्या धोट्याच्या साध्या विणीला ती जमायची नाही. पण पैठणीत कांडी कुठल्याही धाग्यावर बदलता येते, आणि पाकळीची कड पायरीपायरीनंच चढवायची असते. दोन कांड्यांत ती पाकळी उभी राहील. येवल्यातल्या ओळखीच्या मागवाल्यांना मी हे सांगते तेव्हा ते हिशेब मांडतात: नवी नक्षी आलेखावर उतरवायची, पहिला पदर सवयीच्या दुप्पट वेळ खाणार, आणि पदरावर मोर नसलेली पैठणी लग्नघर घेईल का? प्रश्न रास्त आहे. म्हणून आता मी लग्नघरांशीच बोलते आहे. मोर हवाच असेल तर काठात ठेवा, पण पदर कळलावीचा सांगा, आणि विणकराला त्या जास्तीच्या दिवसांचे पैसे आगाऊ द्या.