डझनाला मापभर धान्य

१८२६ साली दक्षिण मराठा मुलखात पावसाळ्याच्या तोंडी पाऊस झाला नाही. पेरणी कशीबशी उरकली, पण बी उगवायच्या आत उंदरांनी फस्त केलं. जे उगवलं ते वाढलं आणि ज्वारी निसवली, तेव्हा उंदीर ताटावर चढून कणसं खुडू लागले. कणीस खाली पाडायचं आणि जमिनीवर निवांत बसून दाणे खायचे, ही त्यांची रीत. शेतंच्या शेतं अशी उजाड झाली, की शेतकऱ्यांना सारा भरता येईना.

ही हकीकत लिहून ठेवली वॉल्टर एलियट या मुलकी अधिकाऱ्यानं. इंग्रज ज्याला दक्षिण मराठा मुलूख म्हणत, त्या भागात तो नोकरीला होता. धारवाड, बेळगाव आणि त्यांना लागून सांगली, मिरजेची पटवर्धनी संस्थानं असा तो टापू. तिथल्या सस्तन प्राण्यांची त्यानं केलेली यादी १८३९ साली मद्रासच्या एका नियतकालिकात छापून आली. त्यात वाघ-बिबटे आहेतच, पण शेतातल्या उंदरांसाठी त्यानं खर्ची घातलेल्या ओळी आजही शेतकऱ्यानं वाचाव्यात अशा आहेत.

मऊ केसांचा एक लहान शेतउंदीर आहे. तो फारसं खोल बीळ करत नाही. दगडांच्या ढिगाखाली, दुसऱ्यानं सोडलेल्या बिळात, नाहीतर उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगांमध्ये राहतो. पहिला जोराचा पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यांत हजारो उंदीर दरसाल गाडले जातात. १८२६ साली तो पाऊसच आला नाही. भेगा उघड्या राहिल्या, उंदीर जगले, त्यांची वीण वाढत गेली. एवढी मोठी आपत्ती केवळ काही आठवड्यांच्या ओढीतून उभी राहिली होती.

दुसरा, काळपट आणि दांडगा उंदीर मात्र पक्का बिळकरी. त्याचं बीळ लांब, फाट्याफाट्यांचं, आत धान्याची कोठारं. सुगीत तो कणसं ओढून नेऊन साठवतो. वडार लोक ही बिळं खणत, उंदीर धरत आणि साठवलेलं धान्य काढून घेत. चांगल्या मुलखात सुगीच्या दिवसांत त्यांचा बराचसा गुजारा याच धान्यावर होई, असं एलियट सांगतो. तळी खोदणाऱ्या, बांध घालणाऱ्या या लोकांना माती वाचता येत होती. बिळाच्या तोंडाशी आलेली ताजी माती, पळवाट कुठं निघेल, कोठार कुठल्या अंगाला असेल, हे ज्याचा हात रोज कुदळीवर असतो त्यालाच कळतं.

म्हणून १८२६ साली शेतकऱ्यांनी वडारांनाच बोलावलं. इतके डझन उंदीर मारले की मापभर धान्य, असा हिशेब ठरला. वडारांनी हजारोंनी उंदीर मारले. एलियटचं पुढचं निरीक्षण या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी आहे: उंदरांची संख्या कमी झाल्याचं दिसेना.

दोष वडारांचा नव्हता, हिशेबाचा होता. मोबदला मेलेल्या उंदराचा मिळत होता, वाचलेल्या शेताचा नव्हे. या उंदरांची मादी तीनेक आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ, कधी त्याहून जास्त पिल्लं होतात आणि ती काही महिन्यांतच विणीला येतात. शिवाय एका शेतातलं बीळ रिकामं झालं, की शेजारच्या बांधावरचा उंदीर तिथं राहायला येतो. चार शेतं साफ करून पाचवं सोडलं तर चारही पुन्हा भरतात.

पुढं १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ सरला न सरला तोच दख्खनच्या पठारावर पुन्हा उंदरांच्या झुंडी उठल्या. आधीच मोडलेल्या कुणब्याच्या हाती येऊ घातलेलं पीक त्यांनी खाल्लं. सरकारनं उंदरांवर बक्षीस लावलं. मापभर धान्याच्या जागी नाणी आली, हिशेब तोच राहिला. १९०२ साली फ्रेंचांच्या ताब्यातल्या हनोई शहरात शेपटीमागे पैसे द्यायला सुरुवात झाली, तेव्हा लोक शेपटी कापून उंदीर सोडून देऊ लागले, आणि शहराबाहेर उंदीर पाळण्याचे अड्डे निघाले.

याच दख्खनच्या पठारावरच्या खंडाळा तालुक्याचा आणि उंदरांचा सर्वांत दुःखद संबंध मात्र शेतातून आलेला नाही. हा लोणावळ्याशेजारचा खंडाळा नव्हे; सातारा जिल्ह्यातला, नीरेच्या दक्षिणेचा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. याच तालुक्यातल्या नायगावात १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. सावित्रीबाईंनी मुलगा डॉ. यशवंत याच्यासह पुण्याबाहेर माळावर रुग्णसेवा सुरू केली. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

त्या वेळी सरकारी पथकं घरं धूत होती, कौलं उतरवत होती, सामान जाळत होती. रोग उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे पॉल-लुई सीमों यांनी कराचीत १८९८ साली दाखवलं, आणि डॉक्टरांच्या गळी ते उतरायला आणखी सात-आठ वर्षं गेली. गावातल्या लोकांनी मात्र खूण आधीच ओळखली होती. घरात उंदीर पडला, की बिऱ्हाड उचलायचं आणि रानात झोपडी घालायची. सातारा जिल्ह्यातली कित्येक गावं अशी ओस पडली. हिंदुस्थानात पुढच्या वीसेक वर्षांत प्लेगनं एक कोटीहून जास्त माणसं नेली.

हा प्लेगचा उंदीर घरातला, आढ्यावरून धावणारा. शेतातल्या काळपट उंदराची वाट वेगळीच निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत तो क्वचित सापडे. शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या धान्याच्या गोदामांत त्याचंच राज्य झालं. केनियाच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर, पेनांगमध्ये, जेद्दाहमध्येही तो पोचला आहे, आणि तिथं त्याची गणना बाहेरून घुसलेल्या उपद्रवी प्राण्यांत होते.

घरच्या मुलखातही त्याला आपण नवं रान दिलं. नीरेचा डावा कालवा १८७६ च्या दुष्काळात लोकांना काम द्यावं म्हणून सुरू झाला आणि १८८५ च्या सुमारास वाहू लागला. १९२८ साली भाटघरच्या नव्या धरणाचं उद्घाटन झालं, मग वीरपासून निघालेला उजवा कालवा खंडाळ्याच्या कडेनं फलटणकडे गेला. अलीकडे धोम-बलकवडीचं पाणीही आलं. बाजरी-ज्वारीच्या माळाला पाणी मिळणं ही पिढ्यान्‌पिढ्यांची आस होती, ती फळली. त्याबद्दल तक्रार कोण करील? पण उंदराच्या बाजूनं पाहिलं तर चित्र असं दिसतं: आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, खाली पाचटाची सावली, जमीन ओली आणि मऊ, बांध कायमचा. उन्हाळ्यात उघडं पडणारं रान नाही, भेगा नाहीत, म्हणून पहिल्या पावसात गाडलं जाणंही नाही. ऊस लोळला की आतून तो बुंध्याशी कांड्या कुरतडतो. बांधातून बीळ आरपार गेलं तर पाण्याची पाळी आलेल्या रात्री पाट फुटतो आणि पाणी शेजाऱ्याच्या कांद्यात शिरतं.

आज उपाय पुष्कळ आहेत. १९७७ साली उंदीर नियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. त्याचं मुख्य केंद्र राजस्थानात जोधपूरला होतं. त्यातून आलेली पद्धत शेतकऱ्याला पाठ असते, पण धीर राहत नाही. पहिल्या दिवशी सगळी बिळं मातीनं बुजवायची. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील तीच चालू. त्यांत दोन-तीन दिवस नुसता भरडा घालायचा, ज्वारीचा किंवा गव्हाचा, थोडं गोडं तेल लावून. उंदराला चव लागली, भीती गेली, की मग त्याच भरड्यात झिंक फॉस्फाइड कालवायचं. हातमोजे घालून, काठीनं ढवळायचं. ही करडी-काळी पूड लसणासारखा वास मारते. घाई करून पहिल्याच दिवशी विष ठेवलं, तर एखादा उंदीर थोडंसं खाऊन आजारी पडतो आणि त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावे लागतात. ते उघड्यावर पडले तर कुत्री, घारी, घुबडं बळी जातात. गव्हाणी घुबडाची जोडी पिल्लं वाढवताना रात्री कितीतरी उंदीर आणते, आणि धामण तर थेट बिळात शिरते. नागपंचमीला कुदळ-नांगर बाजूला ठेवणाऱ्या, नागपूजेच्या बत्तीस शिराळ्यासारखं गाव असणाऱ्या मुलखात बांधावर दिसलेली धामण काठीनं मारली जाते, हे फार वाईट आहे.

पण सगळ्यांत अवघड आहे ते एकत्र येणं. इंग्लंडच्या पूर्व भागात कॉयपू नावाचा, दक्षिण अमेरिकेतून फरसाठी १९२९ च्या सुमारास आणलेला मोठा जलउंदीर पिंजऱ्यांतून निसटला. त्यानं दलदलीतलं बोरू-लव्हाळं खाल्लं, बीटची शेतं उकरली, पाण्याचे बांध पोखरले. पन्नास वर्षं हे चाललं. १९८१ मध्ये तिथं २४ पगारी पारध्यांचं पथक नेमलं गेलं आणि दहा वर्षांची मुदत घातली. बोनस होता तो शेवटचा प्राणी संपल्याबद्दल, आणि काम लवकर संपलं तर तो जास्त. सगळा टापू एकदम हाती घेतला गेला. १९८९ साली ब्रिटन कॉयपूमुक्त झालं.

आपल्याकडे उंदीर इथलाच, त्यामुळे तो संपवणं शक्य नाही आणि योग्यही नाही. पण हिशेब बदलता येतो. तमिळनाडूत इरुळा आदिवासींनी उंदीर पकडण्याचं काम सहकारी पद्धतीनं केलं. त्यांच्या कुदळीला विषाची गरज पडत नाही, आणि वडारांसारखंच तेही बिळातलं धान्य घरी नेतात. लोणंद-शिरवळच्या पट्ट्यात हे करायचं तर वेळ मे महिन्याची: सुगी घरात, रान मोकळं, वीण अजून वाढायची आहे. एका शिवारातल्या सगळ्या बांधांवर एकाच आठवड्यात बिळं बुजवायची, मजुरी पूर्ण शिवारामागे द्यायची, आणि दिवाळीच्या आसपास तीच फेरी पुन्हा काढायची. उसाचे बांध बारीक आणि बुटके ठेवले, तर पुढच्या साली खणायला बिळंही थोडी लागतात.