लेथपाशी येणाऱ्यांसाठी

अलिबागच्या समुद्रकाठी 1904 पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नाजूक नोंदी बिघडणार हे उघड होते, म्हणून तिथले संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम इकडे आणले गेले. इमारतीला पोरबंदरचा दगड पारखून घेतला आणि लोखंड कटाक्षाने टाळून जोडकामाला तांबे-पितळ वापरले. सन 1906 पर्यंत कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन त्या ताडून पाहिल्या, आणि मगच जुन्या जागेचा हात सोडला.

रायगडच्या किनाऱ्यावर घरच्या घरी यंत्रकाम शिकू पाहणाऱ्यांना मी आधी ही वेधशाळा दाखवतो. मोजण्याआधी मोजमापाचे साधन तपासायचे आणि आजूबाजूचे काय काय त्यात ढवळाढवळ करते ते ओळखायचे, ही शिस्त इथे शतकाहून जुनी आहे. सुरक्षेची शिस्तही याच मुळातून येते, म्हणून या विषयात ती शेवटच्या परिशिष्टात ढकलता येत नाही.

या छंदाला घराणे आहे. लंडनमध्ये 1898 साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे मासिक निघाले ते घरी छोटी इंजिने घडवणाऱ्यांसाठी. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि यंत्रे खोलत-जोडत ते पुढे नांगरापर्यंत पोहोचले. आपल्या किनाऱ्यावर तर हाताला सराव असलेली माणसे गावोगाव आहेत. थळच्या खत कारखान्यात किंवा साळावच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवलेले टर्नर-फिटर आहेत, बंदरावर होड्यांची इंजिने आणि पंख्याचे शाफ्ट दुरुस्त करणारे आहेत, आयटीआयची मुले आहेत. त्यांच्याकडे जाऊन बसावे. जे पुस्तकात चार पाने घेते, ते ही माणसे कापताना येणाऱ्या आवाजावरून सांगतात.

पहिली खरेदी लेथची नसावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी चांगला व्हर्निअर, 25 मिलिमीटरपर्यंतचा मायक्रोमीटर, गुण्या, दोन-तीन कानशी आणि पक्का शेगडा घ्यावा. कानशीला मूठ हवीच. उघडे शेपूट तळहातात घुसते. मापाची एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. 50 मिलिमीटर व्यासाचा पोलादी तुकडा कापताना तीस अंशांनी तापला, तर तो सुमारे दोन शतांश मिलिमीटरने फुगतो. गरम असतानाच मापून शेवटचा काप घेतला, तर निवल्यावर बेअरिंग त्यावर ढिले बसते. तुकडा गार होईपर्यंत थांबणे हा या कामातला पहिला धडा आहे, आणि तो पैशाने विकत मिळत नाही.

मग गंज. खाऱ्या वाऱ्यात बिडाची बेड उघडी राहिली की एका पावसाळी रात्रीत तांबूस होते. काम संपले की कीस झाडून तेलाचा हात फिरवावा. यंत्रावर गोणपाट टाकू नये, ते ओल धरून ठेवते. मापनाची साधने बंद कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावीत.

इथली वीज हे स्वतंत्र प्रकरण आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात खांबच्या खांब आडवे झाले. एरवीही पावसाळ्यात वीज जाते-येते. जुन्या बाजारातल्या लेथला बहुधा साधा फिरवायचा स्विच असतो. वीज गेली, तुम्ही चकमध्ये हात घालून तुकडा पाहू लागलात आणि वीज आली, तर यंत्र आपोआप फिरू लागते. म्हणून वीज गेल्यावर स्वतः सुटणारा, आणि परत आल्यावर हिरवे बटण दाबल्याशिवाय न धरणारा स्टार्टर बसवून घ्यावा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. लेथपेक्षा आधी हा खर्च करावा, इतका मी त्याबाबत आग्रही आहे.

अंगावर काय असावे याहून काय नसावे हे जास्त महत्त्वाचे. फिरत्या यंत्रावर हातमोजे नकोत. लोक सुरक्षेसाठी म्हणून घालतात, आणि तोच हातमोजा बोटांसकट ओढला जातो. ओढणी, पदर, लांब बाह्या, गळ्यातली साखळी, मनगटातला गंडा, अंगठी, सगळे बाहेर काढून यावे, केस बांधावेत. डोळ्यांना बाजूंनीही झाकणारा पॉलिकार्बोनेटचा गॉगल हवा, चष्मा पुरत नाही. कोकणात चपलेवर वावरायची सवय असते, पण निळा पडलेला तापलेला कीस पायावर पडतो तेव्हा बंद बुटांची किंमत कळते. चकची चावी चकमध्ये सोडून हात काढू नये, एका क्षणासाठीही नाही. ग्राइंडरचा टेका आणि चाक यांत एका सुतापेक्षा जास्त फट नसावी, आणि चाक सुरू करताना समोर नव्हे, बाजूला उभे राहावे.

कारखान्यांसाठी 1948 साली कायदा झाला. फिरत्या भागांना कुंपण, घट्ट कपडे, डोळ्यांचे रक्षण, सगळे त्यात होते. तुमच्या पडवीतल्या लेथपाशी मात्र निरीक्षक येणार नाही आणि शेजारच्या यंत्रावर ओरडायला सहकारीही नसेल. म्हणून एकट्याने काम करताना घरात कुणाला तरी सांगून बसावे आणि मेन स्विच कुठे आहे ते त्यांनाही दाखवून ठेवावे.

पहिले काम म्हणून कीस ओढायचा आकडा करावा. सहा मिलिमीटरची सळई, वीतभर लांब. टोक वाकवून बोथट करायचे, दुसऱ्या टोकाला कानशीची लाकडी मूठ. मुठीच्या जागी सळईचे कडे वळवू नये. गुंडाळणाऱ्या किसाने आकडा खेचला, तर कड्यात अडकलेले बोट सुटत नाही. गुळगुळीत मूठ हातातून निसटते, आणि ती निसटायलाच हवी.